खांबामागची खुर्ची

३ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,

वहिनींच्या तोंडून धाकट्याचा नमस्कार. नमस्कारापुढं जे 'वि. वि.' वगैरे असतं ते सगळं लिहिलंय असं समज. शाळेत त्याचे दोन गुण असायचे, तेही मला कधी मिळाले नाहीत.

फोन केला की माझा 'हॅलो' पुरा व्हायच्या आत तू फोन ठेवतोस. आठव्यांदा ठेवलास तेव्हा मी दुकानात बसून विचार केला, ह्याला माझं बोलणं नकोय की माझा आवाज नकोय? बोलणंच नको असेल तर इलाज नाही. पण नुसता आवाज नको असेल तर पत्र लिहावं. शब्द माझे, आवाज वहिनींचा. त्यांच्या आवाजावर तू अडतीस वर्षांत एकदाही फोन ठेवलेला नाहीस.

(वहिनी, कंसातलं त्याला वाचून दाखवायचं नाही. त्याचे गुडघे कसे आहेत ते मला वेगळं कळवा. बाकी मात्र काही गाळू नका.)

घरी सगळे मजेत. लेक आता दुकानात बसते. परवा एक बाई आरसा घ्यायला आल्या, म्हणाल्या, "चेहरा जरा बारीक दिसेल असा द्या." लेक म्हणाली, "देते, पण मग वजनकाटाही तसलाच शोधावा लागेल." मी आतल्या खोलीत काच कापत होतो, माझी कटर तिथंच थांबली. म्हटलं, गेलं गिऱ्हाईक. पण बाई हसल्या आणि साधा आरसा घेऊन गेल्या. पोरगी तुझ्यावर गेलीय. मी असतो तर "आहे ना" म्हणून मोकळा झालो असतो.

आता आपल्या जुन्या मैदानाच्या जागी उठलेल्या फुटबॉल स्टेडियमचं. तुला ऐकायचं नसेल तर वहिनी पान उलटतील. पण तू उलटू देणार नाहीस.

बांधकामाभोवतीच्या पत्र्याच्या कुंपणाला, जुन्या पाण्याच्या टाकीच्या बाजूला, चार बोटांची फट आहे. रोज संध्याकाळी आपल्या क्लबची हिरवी-पांढरी मंडळी तिथं जमते आणि पाळीपाळीनं फटीला डोळा लावते. रांग लावायचं काम शिट्टीनं आपणहून अंगावर घेतलंय. वाहतूक पोलिसातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी काही उतरत नाही. प्रत्येकानं दहा आकडे होईपर्यंत बघायचं, अकराला शिट्टी. मागच्या आठवड्यात खुद्द क्लबचे अध्यक्ष पाहणीला आले होते. आत जाऊन हवं तेवढं बघायची मुभा असलेला माणूस, पण गर्दी कसली म्हणून त्यांनीही फटीला डोळा लावला. अकराला शिट्टी वाजली. "साहेब, मागं लोक ताटकळलेत." अध्यक्ष गुपचूप बाजूला झाले.

छत पुरं झालं. गणिताच्या बाई, आपल्या पुढच्या रांगेत बसून पंचांना बीजगणित शिकवणाऱ्या, त्यांनी छताचे पत्रे मोजून काढलेत, चारशे बारा. दर्शनी फलकावर आधी 'लवकरच' होतं, मग 'अगदी लवकरच' झालं. बाई म्हणाल्या, "'लवकरच'ला एक हंगाम गेला. आता 'अगदी'चा वेगळा धरा." पण ह्या वेळी तारीख पडलीय. बावीस मार्च, दुपारी साडेचार. तारीख पडायची ही तिसरी खेप, तरी गवत बसवून झालंय आणि गवत बसवल्यावर कुणी मागं फिरत नाही.

वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोल्या आहेत, त्यांच्या काचा माझ्या. बत्तीस काचा, एकेक आठ माणसांनी उचलायची. सायकलच्या कॅरियरला गोणपाटात गुंडाळून दोन तावदानं न्यायचो तो मी. ती सायकल तुझी होती, हे विसरलेलो नाही.

त्या काचांवरूनच सगळं झालं, तेव्हा तेही लिहितो. जुन्या मैदानातल्या आपल्या दोन खुर्च्या होत्या, तेराव्या रांगेतल्या. नव्या स्टेडियमसाठी क्लबनं अर्ज मागवला, जुन्या खुर्च्यांच्या बदल्यात नव्या घ्या किंवा सोडून द्या. तुझे डोळे गेल्यापासून, म्हणजे तोवर अकरा वर्षं, कागदांवर तुझी सही मीच करत होतो. मी दोन्ही खुर्च्या सोडल्या आणि काचेमागच्या खोलीत दोन जागा घेतल्या. तुला विचारलं नाही. क्लबचं आभाराचं पत्र तुझ्या पत्त्यावर आलं, वहिनींनी ते वाचलं, आणि तू फोनवर एकच वाक्य बोललास, "काचेमागं बसून मला काय ऐकू येणार रे?" तेवढ्यावर पावणेदोन वर्षं झाली.

दादा, मी ते तुझ्या गुडघ्यांसाठी केलं. तेराव्या रांगेला एकोणचाळीस पायऱ्या होत्या. खोलीपर्यंत लिफ्ट आहे. खुर्ची मऊ आहे, स्वच्छतागृह दहा पावलांवर आहे, थंडी नाही, वारा नाही. तुला आरामात बसवावं एवढंच मनात होतं.

वाईट हेतू नव्हता, एवढं मान.

तुझा,
धाकटा

ता. क. टपालाचं तिकीट लावलेलं नाही. दोन गल्ल्यांसाठी सरकारला कशाला त्रास? पेटीत मीच टाकून जाईन.


१२ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,

नमस्कार आणि आधी एक कबुली.

मागचं पत्र पेटीत टाकून मी घरी गेलो नाही. तुमच्या खिडकीखाली, त्या कुंड्यांपाशी, उभा राहिलो. वहिनींनी पेटी उघडली, चष्मा शोधला (फ्रिजवर होता ना?) आणि वाचायला घेतलं. त्या वाचतात छान. कंसातलंही छान वाचलं.

गुडघ्यांचं ऐकून तू म्हणालास, "माझे गुडघे ह्याच्या तोंडात बरे आले!" वहिनी म्हणाल्या, "अहो, काळजीनं विचारतायत भावजी." तू म्हणालास, "काळजीच आहे. पण सगळं लिहितो बघ तो. आरसा लिहिला, शिट्टी लिहिली, स्वच्छतागृहाची पावलं लिहिली. शेवटच्या सामन्याचं एक अक्षर नाही. त्याला म्हणावं, खरं कारण लिही."

मग तू कुशीवर वळलास. पलंग तसाच वाजतो अजून.

मी तिथून निघालो तो सरळ दुकानात. लेक म्हणाली, "बाबा, चेहरा का असा?" मी म्हटलं, "बारीक दिसतोय का?" तर हसली नाही.

माझे कान तिखट आहेत हे तू सगळ्यांना कौतुकानं सांगायचास. काचेवर कटर फिरताना नवं कापड फाटल्यासारखा सलग आवाज आला तर काप चांगला, मध्ये कुठं खरखरला तर काच तिथूनच दगा देणार, हे मला वस्तादानं एकदाच सांगितलं. लोक नुसता अंगठा लावून जाडी बघतात, मी बोटाचं पेर वाजवून सांगतो. पण हे कान मला वस्तादानं दिले नाहीत, तू दिलेस. टाकीखाली.

तू नऊ वर्षांचा, मी सहा. तिकीट काढायची ऐपत नव्हती. तू टाकीच्या लोखंडी शिडीवरून वर चढायचास, मी खाली तुझ्या चपला धरून उभा. वरून तू ओरडून सांगायचास, "डावीकडून निघाला! दोघांना चकवलं! मारला!" पण तुझं वाक्य माझ्यापर्यंत यायच्या आधी भिंतीपलीकडून आवाज यायचा. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की समजावं, चेंडू गोलाजवळ आलाय. मग 'हाऽऽ' झालं तर बाहेरून गेला, 'हू' झालं तर गोलकीपरनं अडवला, आणि भिंत हलली तर गोल. दोन-तीन वर्षांत मी असा तयार झालो की तू सांगायच्या आधी मला कळायचं. तुला कधी बोललो नाही. तुझी मजा गेली असती.

आणि एक. मला ताप होता आणि तरी हट्टानं आलो होतो, त्या दिवशी आपण तीन-शून्यानं हरत होतो. तू वरून ओरडलास, "गोऽऽल! आपला!" भिंतीपलीकडं चिडीचूप होतं. एक माणूस खोकला तेवढाच. मला कळलं, गोल झालेला नाही. तरी मी चपला हवेत उडवल्या. एक चप्पल गटारात गेली आणि तुला घरी एका पायावर यावं लागलं.

तो गोल झाला नव्हता हे मला ठाऊक आहे, हे आज पहिल्यांदा सांगतोय. बावन्न वर्षं झाली.

खरं कारण तू विचारलंस. लिफ्टचं खरंच आहे. पायऱ्यांचंही खरंच आहे. ह्याहून जास्त आज लिहवत नाही. दुकानात माल येऊन पडलाय.

तुझा,
धाकटा

(वहिनी, कुंड्यांना पाणी जास्त होतंय. माझे बूट भिजले.)


७ मार्च

तीर्थरूप दादास,

नमस्कार. मागचं पत्र टाकलं तेव्हा पुन्हा खिडकीखाली उभा राहिलो होतो. खिडकी बंद होती. बरोबर आहे, मीच आगाऊपणानं सांगून बसलो. वहिनींचे ओठ हलताना दिसत होते, तुझा हात पलंगाच्या दांडीवर होता, आणि अक्षर ऐकू येत नव्हतं. तुमच्या खिडक्यांना दुहेरी काच बसव म्हणून मागं लागलो होतो तो मीच. उत्तम बसवलीय.

काल स्टेडियममध्ये चाचणीचा सामना झाला. दारं नीट उघडतात का, नळाला पाणी येतं का, हे बघायला क्लबनं आपलेच दोन संघ आपसात खेळवले आणि तिसरा हिस्सा लोकांना आत सोडलं. मी वर माझ्या जागेवर गेलो. खोलीत आम्ही दहा जण. सिमेंटवाले, लिफ्टवाले, गवतवाले. सगळे आपापलं काम बघायला आलेले, खेळ बघायला कुणी नाही. लिफ्टवाला दर पाच मिनिटांनी उठून लिफ्टनं खाली जाऊन वर येत होता.

मी काचेवर बोटाचं पेर वाजवलं. दादा, आयुष्यात इतकं चोख काम केलं नाही. क्लबच्या लोकांना मी म्हणालो होतो, "बाहेर आभाळ कोसळलं तरी आत चहाच्या कपाला कळणार नाही." तसंच झालंय. खाली हजारो माणसं तोंडं उघडून उठली, हात वर गेले, आणि आत फक्त चमचा वाजला. भिंतीवरचा टीव्ही सहा सेकंद मागं होता. मैदानावर पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती आणि टीव्हीतला समालोचक अजून "बघू या काय होतं" म्हणत होता.

मी ऐंशी मिनिटं नुसतं बघितलं. कुणाला काही सांगायचं नव्हतं. शेजारचा सिमेंटवाला म्हणाला, "साहेब, टाइप करताय का?" खाली पाहिलं तर माझं बोट माझ्याच गुडघ्यावर फिरत होतं. डावीकडून वर, मग आडवं.

शेवटची दहा मिनिटं राहिली असताना उठलो आणि जिन्यानं खाली गेलो. दार ढकललं मात्र, आवाज अंगावर आला. तिसराच हिस्सा लोक होते, तरी.

आज सकाळी क्लबच्या कार्यालयात जाऊन काचेमागच्या दोन्ही जागा परत केल्या. खिडकीवरच्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी दवाखान्यात जाऊन दात परत देतोय. म्हणाल्या, "मग कुठं बसणार तुम्ही? साध्या खुर्च्यांसाठी चार हजार नावं आहेत पुढं."

"एखादी कुणालाच नको असलेली नाही का?"

"आहेत दोन," त्या म्हणाल्या, "पण आम्ही देत नाही त्या. शेवटच्या रांगांचा मोठा पडदा ज्या खांबावर आहे ना, तो खांब पुढ्यात येतो. एकीवरून मैदानाचा एक कोपरा जातो. दुसरीवरून..." आणि थांबल्या.

"दुसरीवरून?"

"दुसरीवरून खांब दिसतो. बाकी काही नाही. कोपऱ्यातला झेंडा दिसतो, वारा असला तर."

मी म्हटलं, "ती द्या. माझ्या थोरल्या भावाला."

बाई रागावल्या. "भावाला खांबामागं बसवता आणि स्वतः शेजारी चांगल्या जागी?" मी सांगितलं, त्याला दिसत नाही. त्या ओशाळल्या, मग हसायला लागल्या, मग डोळे पुसायला. शिक्का मारताना म्हणाल्या, "ह्या खुर्चीला शोभेल असा माणूस मिळेल असं वाटलं नव्हतं." तू असतास तर म्हणाला असतास, धाकटा काचेवर जगला, थोरला काचबिंदूनं गेला, आता दोघं मिळून खांबावर टेकले.

खुर्च्या खालून चौथ्या रांगेत आहेत. पायऱ्या नऊ. मी मोजल्या. गोलाच्या मागच्या बाजूला, गाणारी पोरं बसतात तिथं.

सोबत एक पुठ्ठा पाठवतोय. हा वहिनींनी वाचायचा नाही. ज्या सिलिकॉनच्या गननं आम्ही काचेच्या कडा बंद करतो, तिनं त्यावर रेघा ओढल्यात. वाळून कडक झाल्यात, बोटाला लागतील. तू तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवलेस, उलटं अक्षर बोटानं सुलटं वाचलंस, तुला हे अवघड नाही. मधला चौकोन मैदान. बाहेरची वाटोळी रेघ भिंत. भिंतीला जिथं फट ठेवलीय ते आपलं पूर्वेचं दार. एक जाड टेकाड लागेल तो खांब. आणि त्याच्यामागं दोन ठिपके. खरखरीत तो मी. गुळगुळीत तो तू.

दोन्ही तिकिटं पुठ्ठ्याच्या मागं चिकटवलीत. दोन्ही.

तुझा,
धाकटा


२२ मार्च, सकाळ

दादा,

परवा वहिनी दुकानात आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. "भावजी, त्यांनी दिलंय."

सोडलं तर माझा पुठ्ठा. तिकिटं काढून घेतलेली. पूर्वेच्या दाराची माझी फट मेणानं बुजवून टाकलेली, आणि तिथून दोन बोटं उजवीकडं, भिंतीच्या रेघेत आगपेटीची काडी रोवलेली.

"हे काय?"

"म्हणाले, दार चुकलंय."

"त्याला काय माहीत दार कुठं आहे?"

वहिनींनी पदरानं काउंटरची काच पुसली, जी स्वच्छ होती. "रोज सकाळी जातो आम्ही. ते पत्र्याच्या कुंपणाला हात लावून एक अख्खी फेरी मारतात, पावलं मोजत. आठशे चाळीस होतात. दाराची जागा क्लबनं डिसेंबरात बदलली, तुम्हाला कळलं नाही वाटतं."

दादा, मी बत्तीस काचा बसवल्या त्या इमारतीला. माझ्या गाड्या मागच्या दारानं जायच्या, चाचणीलाही मी तिथूनच गेलो, पुढचं दार हलवलं हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी शिट्टीला गाठलं. म्हणाला, "दादा सकाळी, तुम्ही संध्याकाळी. दादांनी बजावलं होतं, धाकट्याला बोललास तर शिट्टी जप्त करीन."

"मग येतोय का तो?" मी दुकानातच वहिनींना विचारलं होतं.

"म्हणाले, ज्याला दार माहीत नाही त्याच्याबरोबर गेलो तर सामना संपेपर्यंत भिंतीभोवती फिरत राहू." मग दुकानाची पायरी उतरताना वळल्या. "आणि म्हणाले, आधी शेवटच्या सामन्याचं लिही. मग बघू."

लिहितो. वहिनी, कंस नाही, सगळं वाचा.

जुन्या मैदानातला शेवटचा सामना. एक-एक बरोबरी, शेवटचं मिनिट. तुझा डावा तळहात माझ्या मांडीवर, उघडा, नेहमीसारखा. मनगट म्हणजे आपला गोल, बोटांची टोकं म्हणजे त्यांचा, अंगठा म्हणजे डावी बाजू. अकरा वर्षं मी चेंडू तुझ्या तळहातावर फिरवला, तोंडानं सांगितलं आणि बोटानं दाखवलं. आणि अकरा वर्षांत एकही सामना मी बघितला नाही. मी तो सांगितला. चेंडू कुठं आहे ते बघायचं, लगेच बोट, लगेच शब्द, आणि तोवर चेंडू पुढं. गोल झाला की बाकीचे उड्या मारायचे आणि मी म्हणत असायचो, "उजवीकडून आला, डोक्यानं, खालच्या कोपऱ्यात."

त्या दिवशी चेंडू आपल्या पोरानं मध्यावर घेतला आणि माझं बोट थांबलं. ठरवून नाही. एकदा तरी नुसतं बघावं असं झालं. भिंत हलली, सगळे उठले, तू माझं मनगट घट्ट धरून विचारलंस, "कुणी? कसा?"

आणि मी म्हणालो, "थांब जरा. बघू दे."

हे वाक्य मी तुला म्हणालो. तू हात काढून घेतलास आणि खिशात घातलास. घरी जाताना मी म्हटलं, सांगू का गोल? तू म्हणालास, राहू दे. नंतर तू रेडिओ लावला नाहीस. शिट्टी सांगायला आला तर त्यालाही गप्प केलंस.

आठव्या दिवशी मी तो अर्ज भरला. गुडघे होते, लिफ्ट होती, पण अर्ज भरताना मनात टीव्ही होता. त्या खोलीत समालोचक बोलतो. म्हटलं, तो दादाला सांगेल, मी बघेन. तुझ्यासाठी नाही केलं मी ते. माझ्यासाठी केलं. कंटाळलो होतो म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला हेवा वाटायला लागला होता, मैदानात बसून ज्यांना फक्त बघायचं असतं त्यांचा. टाकीवर चढून तू इतकी वर्षं मला सांगितलंस, तेव्हा तुला कधी असं झालं होतं का, माहीत नाही. झालं असलं तरी तुझं ओरडणं थांबलं नाही. जो गोल झालाच नव्हता तोही तू सांगितलास. मी झालेला सांगितला नाही.

आता सांगतो. वहिनी, त्याचा डावा हात घ्या आणि तुमचं बोट तळहाताच्या बरोबर मध्ये ठेवा.

इथं आपल्या अकरा नंबरच्या पोरानं चेंडू घेतला. पुढं बघितलं, कुणी नाही. अंगठ्याच्या बाजूला जा, हळू, तो अजून धावत नाहीये. आता धाव. अंगठ्याच्या मुळाशी एक जण आडवा आला, त्याला बाहेरून टाकलं. तर्जनीच्या कडेनं वर. सगळं मैदान एकदम श्वास घेतंय, तो तू ऐकलास. तर्जनीच्या दुसऱ्या पेरावर थांब. तो खरंच थांबला होता, दादा. गोलकीपर पुढं आला, आणि हा थांबला. कुणालाच कळेना का थांबला. मग त्यानं चेंडू मारला नाही, नुसता ढकलला, आडवा, तर्जनीवरून मधल्या बोटाकडं, अगदी सावकाश, जसं कुणी झोपलेल्याच्या खोलीचं दार लोटतं. कुणाचा पाय लागला नाही. चेंडू गोलाच्या खांबाला आतून लागला, टक्, आणि मधल्या बोटाच्या टोकावरून आत गेला.

तो टक् तू ऐकला असशील. मी ऐकला नाही. मी बघत होतो.

झालं. ह्यापेक्षा जास्त काही दडवलेलं नाही.

आता सकाळचे नऊ वाजलेत. पत्र टाकून मी खिडकीखाली थांबणार नाही. पावणेचारला पूर्वेच्या दारापाशी येतो, तुझ्या काडीच्या जागी, माझ्या फटीच्या नाही. दोन्ही तिकिटं तुझ्याकडे आहेत. मला आत न्यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलास तरी मी परत फिरणार नाही. बाहेर टाकीखाली उभा राहीन आणि भिंतीतून ऐकेन. ती सवय मला आहे. फक्त चपला कुणाच्या धरायच्या ते कळणार नाही.

आलास तर लांबूनच हाक मारतो. फोन नसेल हातात, ठेवून देता येणार नाही.

पावणेचारला, आवाजासकट,
तुझा धाकटा